पोचलं तरच औषध

टोब्रामायसिन हे काही नवं प्रतिजैविक नाही. १९७० च्या दशकापासून ते वापरात आहे, मूळ रेणूवरची मक्तेदारी केव्हाच संपली आहे. शिरेतून देताना डॉक्टर आजही दोन गोष्टींवर डोळा ठेवून असतात, मूत्रपिंड आणि कान. मात्रा चढली की मूत्रपिंडाला इजा होते, फार दिवस चालली तर कानात आवाज येऊ लागतात आणि पुढे बहिरेपण. म्हणून रक्तात ते बेताचंच ठेवावं लागतं. आणि रक्तात बेताचं म्हणजे फुप्फुसातल्या चिकट, पुवाळलेल्या कफात अगदीच तुटपुंजं, कारण हा रेणू रक्तातून तिकडे सहज जात नाही. गेला तरी कफातली प्रथिनं आणि मेलेल्या पेशींचं डीएनए त्याला धरून ठेवतात.

हेच औषध कोरडी पूड करून श्वासावाटे दिलं, तर ११२ मिलिग्रॅमच्या एका मात्रेनंतर बेडक्यातलं त्याचं प्रमाण एका ग्रॅममागे हजार मायक्रोग्रॅमच्या आसपास जातं. रक्तात मात्र ते एका मिलिलिटरमागे एक मायक्रोग्रॅमच्या आसपास राहतं. जिथे हवं तिथे हजारपट, जिथे नको तिथे नाममात्र. रेणूत एका अणूचाही फरक झालेला नाही, तरीही रोग्याच्या दृष्टीने ते वेगळंच औषध झालं आहे.

औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचा विषय निघाला की सभासंमेलनांत, अहवालांत, अग्रलेखांत पहिला प्रश्न एकच असतो: नवे रेणू किती आले? हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. फुप्फुसाच्या जुनाट संसर्गात औषधाची घडण, म्हणजे पूड कशी बनते, कशी टिकते, कोणत्या यंत्रातून आणि किती जोराच्या श्वासाने ओढली जाते, हा औषधाचाच भाग आहे. तिला ‘नंतरचं काम’ म्हणून बाजारावर सोडणं ही धोरणातली चूक आहे. या घडणीचा खर्च सार्वजनिक पैशातून व्हावा आणि तिचं ज्ञानही सार्वजनिक राहावं, असं माझं मत आहे. ते मांडताना या मार्गाची अपयशं मी झाकून ठेवणार नाही, कारण ती थोडीथोडकी नाहीत.

आधी एक मर्यादा सांगून टाकतो. २०१९ सालच्या जागतिक अंदाजानुसार प्रतिरोधक जिवाणूंमुळे थेट १२.७ लाख मृत्यू झाले, आणि ज्यांच्याशी अशा जिवाणूंचा संबंध होता असे मृत्यू ४९.५ लाख होते. त्यांतला सर्वांत मोठा वाटा, १५ लाखांहून अधिक, फुप्फुसाच्या संसर्गांचा होता. हा आकडा वाचून कुणी म्हणेल की मग पूड हाच उपाय. तसं नाही. तीव्र न्यूमोनियाने धापा टाकणारा माणूस इनहेलर तोंडात धरून दीर्घ श्वास घेऊ शकत नाही, आणि त्याचा संसर्ग रक्तात पसरण्याच्या बेतात असतो. पुडीचं क्षेत्र आहे ते जुनाट संसर्गाचं: सिस्टिक फायब्रोसिस (कफ घट्ट करून फुप्फुसं बिघडवणारा आनुवंशिक आजार), ब्रॉंकिएक्टॅसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा आजार), क्षयाचे काही प्रकार. म्हणजे जिथे स्यूडोमोनाससारखा जिवाणू श्वासनलिकांत वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो, स्वतःभोवती चिकट थर विणतो आणि औषधांना हसतो.

आता ही पूड करणं इतकं अवघड का, ते सांगायला हवं. धोरण ठरवणारे नेमकं हेच वगळतात आणि म्हणून फसतात.

श्वासावाटे जाणारा कण फुप्फुसात खोलवर उतरायचा असेल तर त्याचा वायुगतिक व्यास साधारण एक ते पाच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लागतो. त्याहून मोठा कण घशाच्या वळणावर वळू शकत नाही, सरळ जाऊन मागच्या भिंतीवर आदळतो आणि गिळला जातो. फार बारीक कण आत जातो खरा, पण त्यातला बराच भाग कुठेही न टेकता उच्छ्वासाबरोबर बाहेर येतो. वायुगतिक व्यास म्हणजे पट्टीने मोजलेला व्यास नव्हे. हवेत तो कण कसा वागतो, त्यावरून तो ठरतो. भौमितिक व्यासाला घनतेच्या वर्गमुळाने गुणायचं की ढोबळमानाने तो मिळतो. दहा मायक्रॉनचा कण, पण घनता पाण्याच्या दहाव्या हिश्शाइतकीच, तर हवेच्या लेखी तो तीन मायक्रॉनचा. खडा आणि पीस यांतला फरक तो हाच. १९९७ साली मोठ्या पण पोकळ, सच्छिद्र कणांची ही कल्पना ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली गेली आणि या क्षेत्राची दिशाच बदलली.

मोठा कण का हवा? कारण बारीक कण एकमेकांना सोडत नाहीत. दोन-तीन मायक्रॉनच्या पुडीत वजनाचा जोर नगण्य आणि कणाकणांतलं आकर्षण प्रचंड. अशी पूड बाटली उलटी केली तरी ओतली जात नाही, गोळा होऊन बसते. दम्याच्या इनहेलरमध्ये यावर सोपा तोडगा निघाला: जाडसर लॅक्टोजच्या कणांवर चिमूटभर औषध चिकटवायचं. श्वास घेतला की लॅक्टोज घशात राहतं आणि औषध सुटून पुढे जातं. दम्यात हे जमतं, कारण तिथली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. साल्मेटेरॉलची एक मात्रा पन्नास मायक्रोग्रॅम. टोब्रामायसिनची ११२ मिलिग्रॅम. दोन हजारपटींहून जास्त! इथे लॅक्टोजचं गाढव जोडायचं म्हटलं तर रोग्याला वाटीभर पूड ओढावी लागेल. म्हणून प्रतिजैविकाच्या पुडीत मुख्यतः औषधच असावं लागतं, आणि मोकळं वाहण्याची, सुटण्याची, न सादळण्याची सगळी अक्कल त्या कणातच घालावी लागते.

प्रतिजैविक पुडीची कल्पना तशी जुनी. १९४८ मध्ये अ‍ॅबट कंपनीने आणलेल्या एरोहेलर नावाच्या छोट्या उपकरणातून पेनिसिलिनची पूड ओढली जात असे. पुढे गोळ्या-इंजेक्शनांचा जमाना आला आणि ती वाट विस्मृतीत गेली. अर्धशतकाने ती पुन्हा उघडली ती द्रवरूपाने. १९९७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत नेब्युलायझरने, म्हणजे द्रवाचा बारीक फवारा करणाऱ्या यंत्राने, घ्यायच्या टोब्रामायसिनच्या द्रावणाला मान्यता मिळाली. ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, २८ दिवस घ्यायचं आणि २८ दिवस थांबायचं. औषध गुणकारी ठरलं, पण ते घेणं म्हणजे व्याप. एकेका वेळेला पंधरा-वीस मिनिटं यंत्रासमोर बसा, मग यंत्र धुवा, निर्जंतुक करा, द्रावण थंड जागी ठेवा. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाचे दिवसाचे दोन-दोन तास अशा उपचारांतच जातात. त्यात शाळा आली, नोकरी आली, प्रवास आला. मग एखादी पाळी चुकते, मग दोन चुकतात. चुकलेली पाळी जिवाणूच्या पथ्यावर पडते.

पूड आली ती या ठिकाणी. टोबी पॉडहेलर या नावाने युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत २०१३ मध्ये तिला मान्यता मिळाली. तिचा कण पाहण्यासारखा आहे. फ्लोरिनयुक्त तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात मिसळायचे, त्यांच्याभोवती फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाचा थर, पाण्यात विरघळलेलं औषध, आणि हे दुधाळ मिश्रण गरम हवेत फवारायचं. आधी पाणी उडतं, मागोमाग तेल उडतं, आणि तेलाचे थेंब होते तिथे भोकं राहतात. स्पंजासारखा हलका कण तयार होतो. त्याच्या खरबरीत पृष्ठभागामुळे दोन कण एकमेकांना फक्त टोकाटोकांनी शिवतात, म्हणून सुटतातही सहज. फॉस्फोलिपिडच्या थरामुळे ओलावाही आत लवकर शिरत नाही. ३०० मिलिग्रॅम द्रावणाचं काम ११२ मिलिग्रॅम पुडीने होऊ लागलं, आणि वीस मिनिटांच्या जागी पाच-सहा मिनिटं. वीज नको, फ्रीज नको.

सादळणं हा या सगळ्या व्यवसायातला खरा वैरी आहे, आणि त्याच्याबद्दल बाहेर फार कमी बोललं जातं. फवारून झटपट सुकवलेलं औषध बहुधा स्फटिकरूप नसतं. त्याचे रेणू अस्ताव्यस्त पडलेले असतात आणि हवेतली वाफ दिसली की ते ती ओढून घेतात. मग कण मऊ पडतात, चिकटतात, काही काळाने मनाला येईल तसे स्फटिक बनू लागतात. प्रयोगशाळेत सकाळी उत्तम उडणारी पूड दमट दिवसात संध्याकाळपर्यंत ढेप होते. उपाय आहेत. ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल मिसळलं तर सुकताना ते पृष्ठभागावर येऊन कणाला कवच घालतं. कोलिस्टिन हे प्रतिजैविक तर स्वतःच पृष्ठभागावर सरकतं, त्यामुळे दुसऱ्या एखाद्या पाणी ओढणाऱ्या औषधाबरोबर सुकवलं तर त्याचंही रक्षण करतं. औषधच औषधाचा रेनकोट. मला या विषयातलं सर्वांत देखणं निरीक्षण हेच वाटतं.

सगळ्यांना एवढी कारागिरी लागते असंही नाही. युरोपात २०१२ मध्ये मान्य झालेली कोलिस्टिमिथेटची (कोलिस्टिनच्याच एका रूपाची) पूड नुसती बारीक दळलेली आहे. एका कॅप्सूलमध्ये १६ लाख ६२ हजार ५०० युनिट, दिवसातून दोनदा. औषधाचा स्वभाव साधा असेल तर साधी वाट पुरते. कोणत्या औषधाला कोणती वाट, हे शोधायलाच वर्षं लागतात. आणि ते शोधून काढलेलं ज्ञान बहुधा कंपनीच्या कपाटात कुलूपबंद राहतं.

आता पैशांकडे येऊ.

नव्या प्रतिजैविकाचं अर्थशास्त्र मुळातच उलटं आहे. चांगलं औषध म्हणजे जपून वापरायचं औषध, आणि जपून वापरलं की विक्री नाही. प्लाझोमायसिन हे टोब्रामायसिनच्याच कुळातलं (अमिनोग्लायकोसाइड) नवं प्रतिजैविक २०१८ च्या जूनमध्ये मान्य झालं आणि ते बनवणारी अकाओजेन ही कंपनी २०१९ च्या एप्रिलमध्ये दिवाळखोरीत गेली. पुडीचं गणित याहूनही बिकट. रुग्णसंख्या आधीच कमी, त्यात सिस्टिक फायब्रोसिसमध्ये मूळ दोषावर काम करणारी औषधं आली. २०१९ मध्ये मान्य झालेल्या तीन औषधांच्या संयोगाने अनेकांचं आयुष्य पालटलं. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण गुंतवणूकदाराच्या दृष्टीने श्वासावाटे घ्यायच्या प्रतिजैविकांची सर्वांत भरवशाची बाजारपेठ आकसली. ज्यांना ती औषधं लागू पडत नाहीत किंवा मिळत नाहीत, त्यांचं फुप्फुस मात्र तिथेच आहे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो माझ्याच बाजूच्या लोकांकडून येतो. औषधं स्वस्त आणि सर्वांना मिळावीत म्हणून झगडणारे म्हणतात की जुन्या रेणूचं नवं रूप आणणं ही पेटंटची मुदत लांबवण्याची युक्ती आहे. गोळीचा रंग बदला, दोनदाची मात्रा एकदाची करा आणि आणखी काही वर्षं मक्तेदारी उपभोगा. हा आक्षेप बहुतेक ठिकाणी शंभर टक्के खरा आहे, मी स्वतः तो अनेकदा केला आहे. पण वर सांगितलेल्या सच्छिद्र कणाला तो लावून पाहा. बेडक्यात हजारपट औषध पोचवणारी घडण आणि गोळीचा नवा रंग या दोन्हींना एकाच तराजूत टाकायचं का? टाकलं तर खरी शोधबुद्धी मारली जाते. न टाकलं तर लबाडांना दार उघडतं. मला यातून एकच वाट दिसते: बक्षीस आणि मक्तेदारी यांची फारकत करायची. घडणीचं काम सार्वजनिक पैशाने करून घ्यायचं, काम झालं की पैसे द्यायचे आणि पाककृती उघडी ठेवायची. मग पेटंट द्यावं की नाही, हा वादच उरत नाही.

हे स्वप्नरंजन नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने २०२२ पासून दोन प्रतिजैविकांसाठी, सेफिडेरोकॉल आणि सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टमसाठी, वार्षिक ठरावीक रक्कम देण्याची पद्धत आणली. किती वापरलं याच्याशी त्या रकमेचा संबंध नाही. आग लागली नाही म्हणून अग्निशामक दलाचा पगार कुणी कापत नाही, तसंच हे. मात्र तिथेही पैसा गेला तो शिरेतून द्यायच्या औषधांना. जुन्या रेणूच्या नव्या घडणीला असा करार का मिळू नये, याचं समाधानकारक उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

आता अपयशं.

ब्रॉंकिएक्टॅसिससाठी सिप्रोफ्लॉक्सासिनची पूड तयार झाली, तीही त्याच सच्छिद्र कणाच्या तंत्राने. रेस्पायर नावाच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या. पहिलीत १४ दिवस चालू, १४ दिवस बंद या पद्धतीने आजार उफाळून येण्याची पहिली वेळ लक्षणीय पुढे ढकलली गेली. दुसरीत तो फरक टिकला नाही. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने प्रतिकूल कौल दिला. लिपोसोममध्ये, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत, बांधलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या द्रावणाचंही तेच झालं. दोन जुळ्या चाचण्या, एक यशस्वी, दुसरी नाही. २०१८ च्या सुरुवातीला नकार आला आणि पुढच्या वर्षी ते बनवणारी कंपनीही दिवाळखोरीत गेली. सिस्टिक फायब्रोसिसमधल्या एमआरएसए या अनेक प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूसाठी व्हॅन्कोमायसिनची पूड बनवली गेली, तीही शेवटच्या टप्प्यात मुख्य कसोटीला उतरली नाही.

या पुड्या वाईट होत्या का? कणांच्या कसोटीवर नव्हत्या. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या दोन्ही रूपांत औषध पोचत होतं, जिवाणूंची संख्या घटत होती. आजार उफाळण्याचं प्रमाण मात्र खात्रीने घटलं नाही. याचं एक कारण असं की ब्रॉंकिएक्टॅसिस हा एक आजार नाही. बालपणीच्या न्यूमोनियाने, क्षयाने, प्रतिकारशक्तीच्या दोषाने किंवा कारण न कळताच श्वासनलिका रुंदावलेल्या असू शकतात. कुणात जिवाणूंचा भार प्रचंड, कुणात मामुली. सगळ्यांना एका टोपलीत घालून सरासरी काढली की ज्यांना खरोखर उपयोग झाला तेही त्या सरासरीत बुडतात. हे माझं अनुमान आहे, आणि औषधाच्या बाजूने असलेला माणूस असं अनुमान काढतोच, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावं. समितीचा कौल मला चुकीचा वाटत नाही. समोरचा पुरावा तेवढाच होता. चूक त्याआधीची. अशा चाचण्या ज्यांचा पैसा एका निकालावर टांगलेला आहे त्यांनी आखल्या, म्हणून त्या शक्य तितक्या मोठ्या लोकसंख्येवर दावा सांगण्याच्या बेताने आखल्या गेल्या. बाजारपेठ रुंद हवी म्हणून टोपलीही रुंद. सार्वजनिक पैशाने केलेली चाचणी आधी लहान, काटेकोर गट घेऊ शकते, कारण तिला भागधारकांना तोंड दाखवायचं नसतं.

क्षयाची गोष्ट आणखी बोलकी आहे. कॅप्रिओमायसिन हे औषधप्रतिरोधी क्षयावर वापरलं जाणारं इंजेक्शन. महिनोन्महिने स्नायूत टोचून घ्यायचं, दुखायचं, आणि कानांची भीती कायम. त्याची सच्छिद्र पूड केली गेली. गिनीपिगमध्ये परिणाम दिसला. २०१३ मध्ये निरोगी स्वयंसेवकांवरच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष आले, ३०० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा त्यांना सोसली. आशा वाटावी असंच सगळं. पण पुढचा पैसा आणि पुढची पावलं रेंगाळली. २०१८-१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिरोधी क्षयाच्या उपचारांतून कॅप्रिओमायसिन आणि कॅनामायसिन वगळले, कारण तोंडाने घ्यायची जास्त चांगली औषधं हाती आली होती. पूड वयात येईपर्यंत औषधच निवृत्त झालं. कुणी म्हणेल, गेलं ते वाया. माझ्या मते वाया गेलं ते औषध नव्हे, त्या पुडीचं ज्ञान. एक औषध मागे पडलं तर तोच कण, तेच यंत्र, तीच मोजमापं दुसऱ्या औषधाला वापरता यायला हवीत. प्रत्येक वेळी पहिल्या यत्तेपासून सुरुवात करायची ही चैन क्षयाच्या रुग्णांना परवडणारी नाही.

क्षयात पुडीच्या मर्यादाही आहेत. पूड हवा जाते तिथेच जाते. कफाने बंद झालेल्या नळीपलीकडे आणि जाड भिंतीच्या गाठीत ती पोचत नाही, तिथे रक्तावाटे येणारं औषधच लागतं. शिवाय पूड ओढली की ठसका लागतो, आणि क्षयाच्या रुग्णाचा ठसका म्हणजे शेजारच्याला धोका. म्हणजे पूड ही गोळ्यांची जोडीदार, बदली नव्हे.

ठसक्याला तर सर्वच पुडींत हसण्यावारी नेता येत नाही. टोब्रामायसिनची पूड आणि द्रावण यांची तुलना करणाऱ्या ५५३ रुग्णांच्या चाचणीत पुडीच्या गटात ४८ टक्क्यांना खोकल्याचा त्रास झाला, द्रावणाच्या गटात ३१ टक्क्यांना. पुडीने समाधान जास्त दिलं, वेळ वाचवला, आणि तरीही मध्येच सोडून देणारे पुडीच्या गटातच जास्त होते. कोरड्या पुडीचा ढीग एकदम घशावरून जातो तेव्हा शरीर त्याला धूळच समजतं. जे समर्थक हा आकडा सांगत नाहीत, त्यांच्यापासून जरा जपून राहावं.

सर्वांत गंभीर आक्षेप प्रतिरोधाचा, आणि तो मला रात्री खरोखर छळतो. इनहेलर खिशात मावतो. वापरायला सोपं झालेलं प्रतिजैविक लवकर वाया जातं, हे गोळ्यांच्या बाबतीत आपण पाहिलंच आहे. उद्या विषाणूने झालेल्या साध्या खोकल्यावर कुणी पूड लिहून देऊ लागला तर? श्वासनलिकेत हजारपट औषध असतं हे खरं, पण बंद पडलेल्या कोपऱ्यात त्याचा अंशच पोचतो, आणि जिवाणू अर्धवट औषधातच शहाणे होतात. प्रयोगशाळा ज्या रेषेवरून जिवाणूला ‘प्रतिरोधी’ ठरवतात ती रेषा रक्तातल्या पातळीसाठी आखलेली आहे. श्वासावाटे घेतलेल्या औषधाला ती लागू पडत नाही. म्हणजे डॉक्टरला अहवालात दिसतं एक आणि फुप्फुसात घडतं दुसरंच. अशा स्थितीत पूड सर्रास खुली करणं हा वेडेपणा होईल. बेडक्याची तपासणी झाल्याशिवाय नाही, जुनाट संसर्ग सिद्ध झाल्याशिवाय नाही, आणि आळीपाळीच्या २८ दिवसांचं वेळापत्रक मोडायचं नाही. विक्रीवर पैसा मिळणारी व्यवस्था असा संयम पाळेल, यावर माझा विश्वास नाही. सार्वजनिक कराराचा आग्रह मी धरतो तो मुख्यतः यासाठी. विकणाऱ्याला जास्त विकून काही मिळणारच नसेल, तरच तो कमी विकेल.

आणि पैसा सार्वजनिक असेल तर त्याच्यासोबत अटीही घालता येतात. माझी पहिली अट श्वासाची. पुडीची कसोटी प्रयोगशाळेत इम्पॅक्टर नावाच्या यंत्रावर होते. ठरावीक दाबाच्या फरकाने, साधारण ४ किलोपास्कल, चार लिटर हवा ओढली जाते आणि कुठल्या आकाराचे किती कण कुठल्या पायरीवर बसले ते मोजतात. यंत्राचा श्वास रोज सारखाच, दमदार, न थकणारा. ज्याच्यासाठी ही पूड आहे त्याचं फुप्फुस अर्धं निकामी असतं. सहा वर्षांचं मूल असतं, सत्तरीची बाई असते. इनहेलरमध्ये मोटर नसते, पूड सुटी करण्याची सगळी शक्ती रोग्याच्या छातीतून येते. तेव्हा सार्वजनिक पैशाने बनलेल्या प्रत्येक पुडीचे आकडे दमदार श्वासाबरोबर कमजोर श्वासावरही मोजले जावेत, आणि दमट हवेत महिनाभर ठेवून पुन्हा मोजले जावेत. हे आकडे डबीतल्या कागदावर छापलेले असावेत, कंपनीच्या फायलीत नव्हे.

दुसरी अट यंत्राची. पूड आणि तिचं यंत्र वेगळं करता येत नाही. तीच पूड दुसऱ्या यंत्रातून ओढली तर वेगळीच मात्रा जाते. त्यामुळे नक्कल करणाऱ्याला रेणू मिळाला, पाककृतीही मिळाली, पण यंत्राचा आराखडा मिळाला नाही तर काहीच मिळालं नाही. करारात यंत्रही उघडं हवं.

तिसरी मागणी अगदी किरकोळ वाटेल. टोब्रामायसिनच्या एका पाळीला चार कॅप्सूल लागतात. प्रत्येक यंत्रात घालायची, टोचायची, दोनदा ओढायची, मग बाहेर काढून आत पूड उरली का ते पाहायचं, उरली असेल तर पुन्हा ओढायची. सकाळी चार, संध्याकाळी चार. थरथरत्या हाताचा, नजर अधू झालेला माणूस ती कॅप्सूल उजेडाकडे धरून पाहतो आणि त्याला ठरवता येत नाही की आत दिसतंय ते उरलेलं औषध आहे की कॅप्सूलच्या भिंतीला धरलेली नुसती धूळ. नव्या पुडीला पैसे देण्याआधी तिच्या रिकाम्या कॅप्सूल अशा दहा जणांच्या हाती द्याव्यात आणि त्यांना काय दिसतं ते लिहून घ्यावं.